उन्हाची वीज आणि तारेचा सांधा

सूर्य रोज उगवतो. त्याचे बिल येत नाही. म्हणून आता गावोगाव घरांवर सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. २०२४ साली केंद्र सरकारने घरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. त्यानंतर पुष्कळांनी मनावर घेतले. ही चांगली गोष्ट आहे. पण वीज ती वीजच. ती उन्हातून आली म्हणून गरीब गाय होत नाही.

आमची चूक

आमच्या घरावर सहा प्लेटा आहेत. घरात इन्व्हर्टर आहे, बॅटरी आहे. प्लेटा बसवताना तार दोन हात कमी पडली. नवी आणायची तर तालुक्याला जावे लागणार. आम्ही म्हटले, “जाऊ द्या हो! पीळ मारा आणि वर चिकटपट्टी गुंडाळा.” जन्मभर मुलांना सांगितले, काम अर्धवट टाकू नका. आणि स्वतः मात्र तेच केले.

चार महिने काही झाले नाही. मग वैशाखातल्या एका दुपारी सूनबाई धावत आली. “मामा, गोठ्यावर काय तरी जळतंय!”

जाऊन पाहतो तर सांध्यातून निळी-पांढरी ठिणगी चरचरत होती. खाली कडब्याची गंजी. आत दोन जनावरे बांधलेली. आम्ही घराचा मेन स्विच पाडला. ठिणगी थांबेना! सूनबाईने पाण्याची कळशी उचलली. आम्ही ओरडलो, “पाणी नको!” तेवढ्यात पुतण्याने इन्व्हर्टरजवळचा प्लेटांचा वेगळा स्विच पाडला. ठिणगी विझली. जनावरे वाचली, आणि सूनबाईही वाचली. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

ठिणगी का थांबली नाही?

खांबावरून येणारी वीज सारखी दिशा बदलते. बदलताना ती सेकंदाला १०० वेळा क्षणभर शून्यावर येते. त्या क्षणी ठिणगी विझू शकते. प्लेटेची वीज तशी नाही. पाटाचे पाणी जसे एकाच दिशेने वाहते, तशी ती वाहते. मध्ये थांबत नाही. म्हणून ठिणगी पेटली की पेटतच राहते.

मेन स्विच पाडल्याने घरातली वीज गेली. पण प्लेटांकडून बॅटरीकडे वीज जातच होती. आणि ती थोडी नव्हे. छपरावरच्या एका मोठ्या प्लेटेचे ४० ते ५० व्होल्ट होतात. अशा सहा प्लेटा एकीला एक जोडल्या की २४० ते ३०० व्होल्ट झाले. एवढ्यात माणूस मरतो.

तार किती जाड?

हे गणित सोपे आहे. वॅटला व्होल्टने भागा, म्हणजे अँपिअर येतात. १००० वॅटचे काम २३० व्होल्टवर केले, तर तारेतून सुमारे साडेचार अँपिअर जातात. तेच १२ व्होल्टच्या बॅटरीवर केले, तर सुमारे ८३ अँपिअर! लहान पाटात मोठे पाणी सोडले की पाट फुटतो. तसेच बारीक तारेत जास्त वीज सोडली की तार तापते आणि जळते. म्हणून बॅटरीची तार जाड आणि आखूड असावी.

हे पाळा

१. छपरावर उन्हात टिकणारी सोलरचीच तार घ्या. ती नळीतून न्या. पीळ मारून सांधा करू नका. एकाच बनावटीचे कनेक्टर हत्याराने दाबून बसवून घ्या. वीज चालू असताना ते ओढून काढू नका.

२. प्लेटांच्या बाजूला डीसी विजेसाठी केलेलाच स्विच लावा. घरातला साधा स्विच तिथे चालत नाही.

३. बॅटरीच्या जवळच फ्यूज हवा. बॅटरीवर पाना ठेवू नका. पाण्याच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिला हवेशीर जागा द्या. तिथे विडी ओढू नका.

४. प्लेटांची चौकट, लोखंडी सांगाडा आणि इन्व्हर्टर, तिन्हींना अर्थिंग करा.

५. बंद करताना आधी घराचा मेन, मग प्लेटांचा स्विच. तरीही ऊन आहे तोवर प्लेटेपासून स्विचपर्यंतच्या तारेत वीज असतेच. तिला हात लावू नका. फुटलेल्या प्लेटेलाही नको.

६. लाईनला जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप बंद होतो. तो बिघडला असे समजून खटपट करू नका. त्या वेळी खांबावर वायरमन चढलेला असेल. आपली वीज उलटी लाईनीत गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो आणि अखंड तार आणली. तार, एस.टी.चे भाडे आणि वायरमनची मजुरी, सगळे मिळून खर्च एका शेळीच्या किमतीहून कमी झाला. तेवढ्यासाठी आम्ही सबंध गोठा पणाला लावला होता. तुम्ही तसे करू नका.

विचार करा व सांगा

१. मेन स्विच पाडूनही ठिणगी का थांबली नाही?
२. ६०० वॅटचे काम १२ व्होल्टवर केले, तर किती अँपिअर होतील?
३. तुमच्या घरी प्लेटांचा वेगळा स्विच कुठे आहे? तो घरातल्या सर्वांना ठाऊक आहे का? नसेल तर आजच दाखवा.