एका चहाच्या पेल्याचा हिशेब

सन १८९२ मधील थोर पुरुषांचें बळ व त्यांचें उणें
वाचण्याचा भाग: गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचनें ११ ते १४



गेल्या उन्हाळ्यांत मालेगांवाजवळच्या एका खेड्यांत उपासना आटोपल्यावर आम्ही ओसरीवर बसलों होतों. घरच्या बाईंनीं सर्वांस चहा दिला. इतक्यांत शाळेंत जाणाऱ्या एका मुलानें मला विचारिलें, “पाळकसाहेब, न्यायमूर्ति रानडे फार थोर होते, असें गुरुजी सांगतात. पण ख्रिस्ती लोकांच्या येथें चहा घेतला म्हणून त्यांनीं प्रायश्चित्त केलें, हें खरें काय? आणि खरें असेल, तर त्यांस थोर कां म्हणावें?”

दोघेतिघे तरुण हंसले. वडील मंडळी मात्र हंसली नाहीं. ज्यांच्या लहानपणीं गांवच्या हॉटेलाबाहेर त्यांच्यासाठीं निराळी कपबशी ठेवलेली असे, व ती त्यांनींच विसळून जागच्या जागीं ठेवावयाची असे, त्यांच्या मनांत पेल्याची गोष्ट कधींच लहान नसते. त्या मुलास मीं तेथें अर्धवट उत्तर दिलें. पुरतें उत्तर या धड्यांत देण्याचा प्रयत्न करितों; कारण असले प्रश्न उपदेशकांस गांवोगांव विचारले जातात.

१. काय घडलें

सन १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें. शहरांतील नामांकित गृहस्थांस बोलावणें होतें. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, आणि त्या वेळीं अवघे २४ वर्षांचे असलेले गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा पुढें आला. कोणी तो प्याले. कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातीं घेतला. गोष्ट तेथेंच संपली असती. परंतु डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणे वैभव’ पत्रांत छापविलीं. सनातनी मंडळींनीं शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशी झाली, आणि बहिष्काराचें शस्त्र बाहेर निघालें. या प्रकरणास पंचहौद ग्रामण्य असें म्हणतात.

बहिष्कार म्हणजे काय, हें आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. भटजी घरीं येत नाहीं, पंगतींत पान मांडीत नाहींत, मुलीची सोयरीक जुळत नाहीं, आणि सासरीं गेलेली लेक माहेरीं येऊं शकत नाहीं. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें आहे असें सांगितलें. रानड्यांनीं प्रथम तें घेतलें नाहीं. परंतु १८९२ सालीं कांहीं मित्रांबरोबर त्यांनींही घेतलें.

२. त्यांचें थोरपण

आतां न्याय करावयाचा तर दोन्ही पारडीं भरलीं पाहिजेत. रानडे हे आपल्याच नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८४२ सालीं जन्मले. सरकारनें त्यांची बदली १८७८ सालीं नाशिकास व १८७९ सालीं धुळ्यास केली. म्हणजे मालेगांवावरून जाणारा आग्रा रस्ता ज्या दोन शहरांस जोडितो, त्या दोहोंत त्यांनीं काम केलें. विधवांच्या पुनर्विवाहाचा पक्ष त्यांनीं तरुणपणींच घेतला होता. पुण्यांत मुलींसाठीं हायस्कूल निघालें, त्यांतही त्यांचा हात होता. आणि ज्या १८९२ सालीं त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, त्याच सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. इंग्लंडांतील नियम आपल्या देशास जसेच्या तसे लागू पडत नाहींत. केवळ शेतीवर टेकलेल्या या देशास उद्योगधंदे उभारले पाहिजेत, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. एवढें मोठें सरकार त्या काळीं माथ्यावर असतां, त्याच्याच नोकरींत राहून असें बोलणें हें धैर्याचें काम होतें.

टिळकांचेंही तसेंच. पुढें स्वदेशासाठीं त्यांनीं दोनदां राजद्रोहाची शिक्षा भोगिली, व १९०८ पासून १९१४ पर्यंत तें मंडालेच्या तुरुंगांत राहिले. ज्या १८९० सालीं चहाचें प्रकरण झालें, त्याच सालीं मुलींचीं लग्नें १६ वर्षांपूर्वीं व मुलांचीं २० वर्षांपूर्वीं करूं नयेत, अशी प्रतिज्ञा सुधारकांनीं स्वतः करावी, असें त्यांनीं सुचविलें. गोपाळरावांनीं तर आपल्या पत्नीस शिकवून अमेरिकेस पाठविलें. तेथें १८८६ सालीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या काळीं हें दुसऱ्या कोणत्या पतीनें केलें होतें?

३. त्यांचें उणें

तरी प्रत्येकानें कोठें तरी निराश केलें. टिळकांनीं प्रतिज्ञा सुचविली खरी. परंतु बारा वर्षांखालील मुलीस संरक्षण देणारा संमतिवयाचा कायदा सरकारनें आणला, तेव्हां परक्या सरकारनें आपल्या धर्मांत हात घालूं नये, असें म्हणून त्यांनीं त्यास विरोध केला. कायदा १८९१ च्या मार्च महिन्यांत झाला. गोपाळरावांनीं बड्या लोकांचें पाणी जोखिलें. पण त्या विनोदाचा त्रास त्यांच्या घरच्या बायकामुलांस भोगावा लागला.

रानड्यांचें उणें अधिक विचार करण्याजोगें आहे, कारण तें त्यांच्या गुणांतूनच निघालें. बहिष्कारामुळें कांहीं मित्रांच्या घरांत कलह माजला होता. वृद्ध आईबाप व माहेरवाशिणी यांचे हाल होत होते. आपण बरोबर असलों, म्हणजे त्यांना हें कमीपण जड जाणार नाहीं, या भावनेनें रानडे पुढें झाले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं आपल्या आठवणींत हें प्रकरण लिहून ठेविलें आहे. त्यांनाही तें रुचलें नव्हतें. असेंच एकदां पूर्वीं घडलें होतें. १८७३ सालीं पहिली पत्नी वारल्यावर, पुनर्विवाहाचा पुरस्कर्ता असलेल्या या ३१ वर्षांच्या पुरुषानें वडिलांचें मन मोडूं नये म्हणून विधवेशीं नव्हे, तर ११ वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. ती मुलगी म्हणजेच या रमाबाई. पुढें रानड्यांनीं त्यांस मोठ्या कष्टानें शिकविलें, व १९०९ सालीं त्यांनीं पुण्यास सेवासदन काढिलें. हें त्या दोघांस भूषण आहे. परंतु दोन्ही वेळां रानडे जवळच्यांचे अश्रु पाहून वांकले.

जवळच्यांसाठीं अपमान सोसणें वाईट काय? नाहीं. परंतु येथें एक गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटली. त्यांना वाटलें, अपमान आपण एकट्यानेंच गिळला. तसें नव्हतें. ज्या चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावें लागतें, तो चहा देणारा हात विटाळाचा आहे, अशी साक्ष त्या विधीनें दिली. मिशनांतील यजमानांचें त्यानें फारसें बिघडलें नसेल. परंतु ज्यांच्या हातचें पाणीही कोणी घेत नसे, अशीं लाखों माणसें या महाराष्ट्रांत होतीं. मित्रांच्या घरचे अश्रु रानड्यांना दिसले. हीं माणसें त्यांच्या ओसरीवर येऊन रडलीं नव्हतीं, म्हणून तीं हिशेबांत आलीं नाहींत.

४. अंत्युखियांतील पंगत

वर दिलेला शास्त्रभाग आतां वाचा. पेत्र अंत्युखियास परजातीय बांधवांबरोबर जेवीत असे. यरुशलेमेकडून कांहीं लोक आले, तेव्हां त्यांच्या भीतीनें तो मागें सरला. तो सरला म्हणून इतर सरले. फार काय, बर्णबाही ओढला गेला. पौलानें सर्वांदेखत त्यास दोष दिला. लक्षांत घ्या, पौलानें पेत्राचें प्रेषितपण नाकारलें नाहीं. आणि पेत्र प्रेषित आहे म्हणून त्याची चूक झांकिलीही नाहीं. पंगतींतून उठून गेलेल्याकडे पाहून तो थांबला नाहीं. जे पंगतींत एकटे बसून राहिले, त्यांच्या बाजूनें तो बोलला.

५. आपल्या घरचा हिशेब

दुसऱ्यांचीं उणीं मोजतांना माझें स्वतःचें एक सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं एका प्रतिष्ठित घरीं मला बोलावणें होतें. इतरांस कपबशी आली. मला व माझ्याबरोबरच्या उपदेशकास कांचेचे निराळे पेले आले. गांवांत मंडळीला जागा हवी होती, तंटा नको होता, म्हणून मीं मुकाट्यानें चहा घेतला. परत येतांना तो उपदेशक वाटभर बोलला नाहीं. शेवटीं इतकेंच म्हणाला, “साहेब, तुम्ही प्यालां म्हणून मीही प्यालों.” शांततेसाठीं मीं सोसलें, असें मी समजत होतों, परंतु तो अपमान मीं त्यासही पाजला होता.

आणि आपल्या मंडळ्यांत तरी काय आहे? प्रभुभोजनाच्या पेल्यास सर्वांचे ओंठ लागतात. परंतु सोयरीक ठरविण्याची वेळ आली, म्हणजे पूर्वींची जात कोणती, हें हळूच विचारलें जातें. रानड्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं हें आठवावें.

तर मग त्या मुलास काय सांगावें? मी असें सांगेन: बाळा, तूं ऐकलेंस तें खरें आहे. रानड्यांस थोर म्हण, कारण त्यांनीं उघडलेल्या दारांतून पुष्कळ लोक आंत आले. पण १८९२ ची गोष्टही सांग, आणि ती रागानें नव्हे तर नीट सांग. म्हणजे जवळच्यांच्या प्रेमानेंही चांगला मनुष्य कसा चुकतो, हें ऐकणाऱ्यास कळेल. थोर मनुष्याची तसबीर भिंतीवरून काढूं नये, व तिच्यावरचा डाग रंगानें बुजवूंही नये. तो वांकला, तेव्हां त्याचें मोल कोणी दिलें, एवढें मात्र अवश्य विचारावें. कारण तें देणाऱ्याचें नांव बहुधा कोठेंच छापलेलें नसतें.

उपदेशकांनीं मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. बहिष्कार पडला असतां मित्रांस एकटें न सोडतां रानड्यांस प्रायश्चित्तावांचून दुसरें काय करितां आलें असतें?
२. पेत्र मागें सरला, तेव्हां इतर कां सरले? आपल्या वागण्याकडे पाहून कोण कोण वागतें?
३. शांततेसाठीं सोसणें व दुसऱ्यास सोसावयास लावणें, यांतील भेद आपल्या गांवांतील एका गोष्टीवरून सांगा.
४. आपल्या मंडळींत कोणाच्या घरीं आपण अजून चहास गेलों नाहीं? कां?