करारबदलाची विनंती

बांधकामाचा ठेका देताना नकाशा, दर आणि मुदत ठरवून करारावर सह्या होतात. परंतु जमिनीच्या पोटात काय दडले आहे, हे खोदकामाखेरीज पुरते समजत नाही. अशा वेळी करारात बदल करण्याची विनंती लेखी करावी लागते.

समजा, जबलपूरच्या गोहलपूर भागात शाळेच्या दोन खोल्या बांधल्या जात आहेत. करारात पाया दीड मीटर खोल धरला आहे. प्रत्यक्षात तेथेही काळी माती लागते. ही माती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर भेगाळते. त्यामुळे भिंतींना तडे जाऊ शकतात. ‘पाया अडीच मीटर न्या,’ असे अभियंता तोंडी सांगतो. ठेकेदाराने काम उरकले आणि पुढे ‘हे करारात नाही’ म्हणून बिल अडले, तर मजुरांची मजुरी कोठून द्यायची?

असा प्रसंग खरोखर घडला आहे. १९४४ मध्ये बंगाल सरकारच्या नागरी पुरवठा खात्यासाठी आरामबाग येथे एका ठेकेदार संस्थेने कच्चा रस्ता, स्वयंपाकघर, पहारेकऱ्यांची खोली इत्यादी कामे केली. विधिवत करार नसल्याने काही रक्कम नाकारली गेली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार मोबदल्याचा हक्क मान्य केला. न्याय मिळाला, पण सुमारे सतरा वर्षांनी!

याच अधिनियमाच्या कलम ६२ नुसार उभय पक्षांच्या संमतीने करार बदलता येतो. ही संमती कागदावर असावी, यासाठी पुढील नमुना अभ्यासा.

विषय : पायाची खोली वाढविण्यास मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त कामाच्या करारात पायाची खोली १.५ मीटर आहे. खोदकामात त्या पातळीवर काळी माती आढळली. आपल्या अभियंत्यांनी आज जागेवर २.५ मीटर खोलीची तोंडी सूचना दिली आहे. वाढीव कामाचे मोजमाप, दर व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. कृपया वाढीव खर्चास व पंधरा दिवसांच्या मुदतवाढीस लेखी मंजुरी द्यावी.
आपला विश्वासू,

पत्रात करार क्रमांक व दिनांक अवश्य लिहावा, तक्रारीचा सूर टाळावा आणि पत्राची पोच जपून ठेवावी.

पाठगत प्रश्न
१. तोंडी सूचनेवर विसंबण्यात कोणता धोका आहे?
२. नमुनापत्रातील कारण, पुरावा आणि मागणी दर्शविणारी वाक्ये शोधा.
३. पावसामुळे काम थांबल्यास मुदतवाढ मागणारे पत्र लिहा.