कर्मातील कौशल्य म्हणजे काय?

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५० व्या श्लोकाचा शेवटचा चरण अवघ्या तीन पदांचा आहे : योग, कर्म आणि कौशल. कचेऱ्यांच्या भिंतींवर तो लावलेला दिसतो, आणि त्याचा अर्थ बहुधा असा करतात की, काम सफाईने करणे म्हणजेच योग. अनुवादकाला मात्र येथे थांबून विचारावे लागते की, या वाक्यात उद्देश्य कोणते आणि विधेय कोणते? सफाईलाच योग म्हणावे, तर खिसेकापूही योगी ठरेल. म्हणून 'योग' हे उद्देश्य व 'कौशल' हे विधेय, असा अन्वय करणे युक्त होय. कर्मे स्वभावतः बंधनकारक असताही समबुद्धीच्या योगाने ती आपला स्वभाव टाकतात, हेच कौशल्य, असा आशय शंकराचार्यांनीही भाष्यात सांगितला आहे.

'कुशल' शब्दाची व्युत्पत्ती पाठशाळेत शिकवितात, तीही येथे उपयोगी पडते. जो कुश म्हणजे दर्भ आणतो तो कुशल. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे. दर्भाचे पाते धारदार असते. जो हात कापू न देता तो उपटून आणतो, तो निपुण. नित्याच्या कामालाही अशीच धार असते. एका बाजूस स्तुती, दुसऱ्या बाजूस अवहेलना.

कानडी व संस्कृत ग्रंथ मराठीत आणणे हा माझा बंगळूर येथील व्यवसाय. एकदा माझा एक मोठा अनुवाद अनुवादकाच्या नावावाचून छापला गेला. त्या सुमारास दुसऱ्या ग्रंथाचे काम हाती होते. मनात तोच विषय घोळे आणि समोरच्या ओळीचा अन्वय लागेना. जे व्हायचे ते झालेच होते. पण ज्या ग्रंथकाराचा त्यात काही संबंध नव्हता, त्याचे वाक्य माझ्या क्षोभाने का बिघडावे? हा प्रश्न मनाला विचारला तेव्हा लेखणी पुन्हा चालू लागली. हात कापणे म्हणजे काय, हे त्या दिवशी उमगले.

याच नगरात डी. व्ही. गुंडप्पा होऊन गेले. १८८७ साली मुळबागल येथे जन्मलेल्या या पुरुषाचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. पण वृत्तपत्रे चालवून व अखंड व्यासंग करून ते कन्नड साहित्यात मान्यता पावले. कोकणात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे कन्नड चरित्र त्यांनी लिहिले आणि १९४५ साली गोखल्यांच्याच नावाने येथे सार्वजनिक कार्याची संस्था स्थापिली. त्यांच्या गीताविवरणाचे नाव 'जीवनधर्मयोग'. त्यास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७० साली नागरिकांनी त्यांना सत्कारात एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली, ती त्यांनी त्या संस्थेलाच देऊन टाकली. कर्म केले, मान स्वीकारला, आणि फळ मात्र हातात धरून ठेवले नाही.

यावरून कोणी असे समजू नये की, कष्टाचा मोबदला मागणे गीतेला अमान्य आहे. गृहस्थाने आपले वेतन अवश्य मागावे, आणि अन्याय झाला असल्यास तसे स्पष्ट लिहावे. मात्र पत्र टाकून झाल्यावर मन त्या पत्रामागून फिरू देऊ नये. ते हातातील कामावर परत आणावे.

बंगळूरच्या संगणक-कचेऱ्यांत आज पुष्कळ मराठी तरुण आहेत. वर्षाअखेर त्यांच्या कामाचे मूल्यमापन वरिष्ठ करतात, आणि त्या एका शेऱ्याने कित्येकांची झोप उडते. त्यांनी रोज निजण्यापूर्वी स्वतःलाच तीन प्रश्न विचारावेत. आजचे काम कोणी पाहत नसते, तरी मी असेच केले असते काय? दुपारी ऐकलेला बोल संध्याकाळच्या कामात उतरला काय? कालच्यापेक्षा आज एखादी गोष्ट अधिक नीट समजली काय? उत्तरे कोणास दाखवावयाची नाहीत. महिनाभर हा अभ्यास करून पाहावा. वरिष्ठांचा शेरा बदलेल किंवा न बदलेल. दर्भ उपटणारा हात मात्र सावध होऊ लागेल.