चिकुनगुन्या : ताप उतरल्यानंतरचे दुखणे

'चिकुनगुन्या' हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतील असून, सांधेदुखीने रुग्ण वाकून जातो, असा त्याचा आशय आहे. १९५२-५३ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, या रोगाची प्रथम नोंद झाली. महाराष्ट्रालाही तो नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली होती. पुढे सुमारे तीन दशके त्याचे नाव फारसे ऐकू आले नाही. २००६ मध्ये मात्र देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली.

एडिस जातीच्या डासामार्फत पसरणाऱ्या या रोगाचा ताप बहुधा आठवड्याभरात उतरतो. मृत्यू क्वचितच होतो. त्यामुळे ताप ओसरला की रुग्ण बरा झाला, असे मानले जाते. हा समज अपुरा आहे.

विषाणू रक्तातून नाहीसा झाल्यावरही सांध्यांतील दाह रेंगाळू शकतो. बोटे, मनगटे व घोटे दुखतात, सुजतात. सकाळी उठताना ते आखडलेले असतात. हे दुखणे तीन महिन्यांपलीकडे टिकल्यास ते जुनाट समजले जाते. काहींच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे राहते. प्रौढ व वृद्ध व्यक्तींना आणि पूर्वीपासून सांधेविकार असलेल्यांना हा धोका अधिक असतो. ज्याचे पोट खुरप्यावर वा विळ्यावर अवलंबून आहे, त्याची मूठच वळेनाशी झाली, तर त्याच्या घरावर कोणता प्रसंग ओढवतो हे सांगावयास नको. अशा माणसास कामचुकार ठरविणे हा अन्याय होय.

या विषाणूवर खास औषध नाही. तथापि विश्रांती, सोसवेल इतकी हालचाल, थंड शेक व डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल यांनी आराम पडतो. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन घेऊ नये. स्टेरॉइडची इंजेक्शने परस्पर घेणे घातक ठरू शकते. सूज तीन महिन्यांनंतरही कायम राहिल्यास संधिवाताची तपासणी करून घ्यावी.

साथ ओसरल्यावर ग्रामपंचायतीने रुग्णांची यादी बाजूस न ठेवता तीन महिन्यांनी त्यांची पुन्हा विचारपूस करावी आणि गरजूंना आरोग्य केंद्रात पाठवावे. सार्वजनिक कामांवर त्यांना हलके काम द्यावे. एडिस डास दिवसा चावतो व साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, टाक्या रिकाम्या करून घासून कोरड्या ठेवण्याचा पाठ शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावा.