पाण्याचा जमाखर्च आणि लोककला : कलाजत्थ्याचा धडा

भारतातील पाणीप्रश्नाची चर्चा बहुधा धरणे, कालवे आणि नद्या यांच्याभोवती फिरते. प्रत्यक्षात देशाच्या सिंचनाचा मोठा भार विहिरी व कूपनलिका वाहतात. २०२४ च्या राष्ट्रीय भूजल मूल्यांकनानुसार देशात वर्षाला सुमारे ४०६ अब्ज घनमीटर भूजल उपसण्याजोगे असून त्यापैकी सुमारे २४६ अब्ज घनमीटर, म्हणजे जवळपास ६० टक्के, उपसले जाते. या उपशात शेतीचा वाटा सर्वांत मोठा आहे. देशाची सरासरी दिलासादायक वाटत असली तरी सुमारे ११ टक्के मूल्यांकन एककांत उपसा वार्षिक उपलब्धतेपेक्षा अधिक आहे. या पार्श्वभूमीवर नाट्य, संगीत व नृत्य यांचा जलसंरक्षणासाठी उपयोग होऊ शकतो काय, हा प्रश्न केवळ सांस्कृतिक नसून आर्थिकही आहे.

अदृश्य साधनसंपत्तीची समस्या

भूजल ही सामाईक साधनसंपत्ती आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या आधारे जमीनमालकाला आपल्या जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क मानला जातो. परंतु भूगर्भातील जलधर शेताच्या बांधाप्रमाणे विभागलेला नसतो. एका शेतकऱ्याने उपसा वाढविला की शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी खालावते. एकट्याने काटकसर केली, तर वाचलेले पाणी दुसरा उपसतो. त्यामुळे प्रत्येकाचा स्वतंत्रपणे शहाणा वाटणारा निर्णय सर्वांना मिळून तोट्यात नेतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेली सामाईक मालमत्तेची शोकांतिका ती हीच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र स्थानिक समुदाय स्वतः नियम करून अशी साधनसंपत्ती टिकवू शकतात, हे दाखवून दिले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

असे नियम होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पाणी किती आहे याची माहिती आणि ती माहिती इतरांनाही आहे याची खात्री. भित्तिपत्रक प्रत्येकजण एकेकटा वाचतो. चौकातील प्रयोग मात्र सारे गाव एकत्र पाहते आणि शेजारीही पाहत आहे हे प्रत्येकाला दिसते. खासगी माहितीचे सार्वजनिक माहितीत रूपांतर करणे, हे लोककलेचे खरे आर्थिक कार्य होय.

कलाजत्थ्याची वाटचाल

गावोगाव फिरून गाणी, नाटुकली व नृत्ये सादर करणाऱ्या पथकाला कलाजत्था म्हणतात. महाराष्ट्रातील कलापथकाशी त्याचे नाते जवळचे आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० मध्ये विज्ञानप्रसारासाठी असा जत्था काढला. १९८७ च्या भारत जन विज्ञान जत्थ्यामुळे ही पद्धत देशभर पोहोचली. एर्नाकुलम जिल्ह्याच्या साक्षरता मोहिमेत आणि १९९० च्या भारत ज्ञान विज्ञान जत्थ्यात तिचा मोठा वापर झाला. शासकीय पातळीवर १९५४ मध्ये गीत व नाट्य विभाग स्थापन झाला होता. २०१७ मध्ये तो अन्य प्रसिद्धी यंत्रणांत विलीन करण्यात आला. हे काम आता केंद्रीय संचार ब्युरोकडे आहे.

आंध्र प्रदेशातील प्रयोग

तत्कालीन अविभाजित आंध्र प्रदेशातील सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत २००३ पासून शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्प राबविण्यात आला. अनंतपूर, चित्तूर, कडप्पा, कर्नूल, महबूबनगर, नलगोंडा आणि प्रकाशम हे ते जिल्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे साहाय्य लाभलेल्या या प्रकल्पात सहाशेहून अधिक वस्त्या सहभागी होत्या. पाणी वाचविण्यासाठी शेतकऱ्यांना रोख अनुदान नव्हते आणि उपशावर सक्तीचे बंधनही नव्हते. भर होता तो माहितीवर.

तेलुगू भाषेतील कलाजत्थे हे या प्रकल्पाच्या प्रसाराचे एक साधन होते. या प्रदेशाला बुर्रकथेची परंपरा आहे. तीत मुख्य कथाकाराच्या दोन साथीदारांपैकी एक विनोद करतो, तर दुसरा चालू परिस्थितीवर भाष्य करतो. शंका, थट्टा आणि उत्तर यांना एकाच रंगमंचावर जागा देणारी अशी परंपरा उपदेशापेक्षा अधिक पटते.

मात्र प्रकल्प गाण्यांवर थांबला नाही. शेतकरी स्त्री-पुरुषांनी पर्जन्यमापकाने पाऊस आणि मोजपट्टीने विहिरींची पातळी मोजली. हे आकडे गावातील फलकावर लिहिले जात. रब्बीच्या पेरणीपूर्वी उपलब्ध पाणी व नियोजित पिकांची गरज यांचा ताळेबंद मांडला जाई. कोणते पीक घ्यावे, हा निर्णय अखेर शेतकऱ्याचाच असे. जागतिक बँकेच्या २०१० च्या अहवालानुसार सुमारे ४२ टक्के जलशास्त्रीय एककांत रब्बीतील उपसा सातत्याने घटला, तर ५१ टक्के एककांत तो अधूनमधून घटला. पुढे काही अभ्यासकांनी या यशाच्या व्याप्तीविषयी व टिकाऊपणाविषयी प्रश्न उपस्थित केले, हेही लक्षात घ्यावयास हवे.

कलेच्या मर्यादा

या अनुभवातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, कला ही मोजमापाला पर्याय नाही. ती मोजमापाकडे नेणारी वाट आहे. फलकावरील आकड्याविना गाणे विरून जाते आणि गाण्याविना आकडा कोणी वाचत नाही. दुसरा, वीज अत्यल्प दरात मिळत असेल व अधिक पाणी लागणाऱ्या पिकांनाच हमखास खरेदी असेल, तर एका संध्याकाळचा प्रयोग त्या आर्थिक प्रेरणेवर मात करू शकत नाही. तिसरा, कलावंताकडे केवळ घोषणांचा वाहक म्हणून पाहिल्यास प्रयोगातील प्रश्न विचारणारे पात्र नाहीसे होते आणि त्याबरोबर लोकांचा विश्वासही.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांत ग्रामपंचायत पातळीवर पाण्याचा ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा यांवर भर देण्यात आला. त्याच वर्षी जलशक्ती मंत्रालय स्थापन झाले. संविधानाच्या अनुच्छेद ५१क (छ) नुसार नद्या-सरोवरांसह नैसर्गिक पर्यावरणाचे संरक्षण हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. हे कर्तव्य कायद्याच्या पुस्तकातून गावाच्या चौकात आणण्याचे सामर्थ्य लोककलेत आहे. प्रयोग संपल्यावर गाव विहिरीवर जाऊन पातळी मोजते काय, हीच तिच्या यशाची कसोटी होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भूजल ही सामाईक साधनसंपत्ती का मानली जाते? हार्डिन व ऑस्ट्रॉम यांच्या विचारांच्या आधारे स्पष्ट करा.
२. जलसंरक्षणात लोककलांची भूमिका व मर्यादा आंध्र प्रदेशातील प्रकल्पाच्या संदर्भात तपासा.
३. ‘माहिती हेच भूजल नियमनाचे प्रभावी साधन आहे.’ या विधानाची चिकित्सा करा.