कोल्हापुरात एक दिवस: कुठे खावं, काय प्यावं?

प्रश्न : अंबाबाईच्या दर्शनाला येतो आहोत. एकच दिवस आहे. तिखट फार सोसत नाही. काय चुकवू नये?

उत्तर : सकाळी उद्यमनगरात फडतऱ्यांची मिसळ खा. सोबत पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. पाव मागून हसं करून घेऊ नका. तिखट कट बेतानंच घ्या.

दुपारी मटणाचं ताट. तिखटाची धास्ती असेल तर पांढऱ्या रश्श्यापासून सुरुवात करा. मटण शिजवलेलं पाणी म्हणजे अळणी. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूचं वाटण. या रश्श्यात भाकरी कुस्करायची नसते, तो वाटी तोंडाला लावून प्यायचा. तांबड्या रश्श्याचा कस कांदा-लसूण मसाल्यात असतो. तो हॉटेलनुसार बदलतो, म्हणून एकाच हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. कोल्हापूरकर त्यावर भांडतात!

संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ. आणि रात्री गंगावेशीत दूध कट्टा. म्हैस तुमच्यासमोर पिळतात, फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात येतं. तालमीतल्या पोरांचं हे पेय. मात्र ते कच्चं असतं. सोबत लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना नुसतं बघू द्या.