पत आणि मर्यादा : क्रेडिट कार्डाचा हिशेब

“पत” हा आपल्या भाषेंतील शब्द लहान आहे. परंतु त्याच्या पोटांत मोठा अर्थ सांठविलेला आहे. बाजारांत अमक्या गृहस्थाची पत आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्याच्या पेटींत किती पैसे आहेत हें आपण सांगत नसतों. तो दिलेला शब्द पाळतो, व घेतलेला पैसा ठरल्या दिवशीं परत करतो, एवढेंच आपणांस सुचवावयाचें असतें. दुकानदार वहींत नांव लिहून माल देतो तो ह्याच भरंवशावर. क्रेडिट कार्ड हें ह्या जुन्या उधारीच्या वहीचेंच नवें रूप होय. वही दुकानदाराच्या हातून बँकेच्या हातीं गेली, व लेखणीच्या जागीं यंत्र आलें. परंतु व्यवहाराचें मूळ तत्त्व पालटलें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं बहुतेकांच्या हातीं अजून कार्ड आलेलें नाहीं. परंतु शाळा सुटल्यावर कांहीं वर्षांतच पहिली नोकरी लागते, आणि पहिल्या पगाराच्या मागोमाग कार्ड देऊं करणारा बँकेचा निरोप येतो. त्या वेळीं सल्ला विचारावयास कोणी शिक्षक जवळ नसतो. शिवाय पुष्कळ घरांतून आईवडील आजच कार्ड वापरीत आहेत. यास्तव कार्डावरील बाकी कशी सांभाळावी, आणि कार्डाची मर्यादा केव्हां वाढवावी व केव्हां वाढवूं नये, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

कार्डाचा थोडा पूर्वेतिहास

इ. स. १९५० सालीं न्यूयॉर्क शहरांत ‘डायनर्स क्लब’ ह्या नांवाचें कार्ड निघालें. तें दाखवून उपाहारगृहांत जेवावें व महिन्याच्या अखेरीस सर्व बिल एकदम चुकतें करावें, अशी त्याची रीत होती. पुढें १९५८ सालीं ‘बँक ऑफ अमेरिका’ ह्या बँकेनें कॅलिफोर्निया प्रांतांतील फ्रेस्नो गांवीं सुमारें साठ हजार लोकांच्या घरीं, त्यांनीं मागितलीं नसतांहि, टपालानें कार्डें पाठविलीं. ह्या कार्डांत एक नवी सोय होती : सर्व रक्कम न भरतां थोडी भरावी व उरलेली बाकी व्याजासह पुढें ओढावी. लोकांनीं तिचा असा उपयोग केला कीं, पुष्कळांची बाकी बुडाली व प्रथम बँकेसच मोठें नुकसान सोसावें लागलें. न मागितलेलीं कार्डें पाठविण्याची ही चाल अमेरिकेंत १९७० सालीं कायद्यानें बंद झाली. आपल्या देशांत ‘सेंट्रल बँक ऑफ इंडिया’ ह्या बँकेनें १९८० सालीं आपलें कार्ड काढलें, व पुढें इतर बँकांनीं तोच मार्ग धरला.

ह्या इतिहासांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कार्ड प्रथम निघालें तें सोयीसाठीं. बाकी पुढें ओढण्याची मुभा मागाहून आली. आजहि एकाच कार्डाच्या ह्या दोन बाजू आहेत. पहिली बाजू जवळजवळ फुकट पडते, व दुसरी फार महाग पडते.

दोन तारखा

कार्डाच्या हिशेबांत दोन तारखा मुख्य असतात : एक हिशेब निघण्याची, व दुसरी पैसे भरण्याच्या मुदतीची. समजा, हिशेब दर महिन्याच्या १० तारखेस निघतो व मुदत त्याच महिन्याच्या ३० तारखेस संपते. आतां ९ तारखेस केलेली खरेदी दुसऱ्याच दिवशीं हिशेबांत येईल, व तिचे पैसे भरावयास सुमारें २१ दिवस मिळतील. परंतु तीच खरेदी ११ तारखेस केली, तर ती पुढील महिन्याच्या हिशेबांत येईल, व सुमारें ५० दिवस मिळतील. मुदतीच्या आंत संपूर्ण रक्कम भरली, तर एवढे दिवस बँकेचा पैसा वापरूनहि एक पैसा व्याज पडत नाहीं.

परंतु संपूर्ण रक्कम न भरतां कांहीं बाकी ठेविली कीं, चित्र पालटतें. उरलेल्या रकमेवर व्याज लागतें, आणि तें बहुधा मुदतीच्या दिवसापासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजलें जातें. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीसहि बिनव्याजी दिवस मिळत नाहींत. आज घेतलेल्या वहीवर आजपासूनच व्याज सुरू होतें. कार्डानें रोख रक्कम काढली तर प्रथमपासूनच व्याज, व वर निराळें शुल्क. सबब कार्डानें रोकड काढणें हें शक्य तों टाळावेंच.

‘किमान रक्कम’ म्हणजे काय?

हिशेबाच्या कागदावर दोन आंकडे छापलेले असतात : एक संपूर्ण देणें, व दुसरा किमान देणें. दुसरा आंकडा लहान व मनास गोड वाटणारा असतो. त्याचें खरें स्वरूप उदाहरणानेंच समजेल.

समजा, बाकी २०,००० रुपये आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे, व किमान रक्कम बाकीच्या पांच टक्के, म्हणजे १,००० रुपये आहे. महिन्याचें व्याज ७०० रुपये झालें. त्या व्याजावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे १२६ रुपये. दोहोंची बेरीज ८२६. म्हणजे भरलेल्या हजार रुपयांपैकीं मुद्दलांत गेले ते अवघे १७४! बाकी राहिली १९,८२६ रुपये. हजार रुपये देऊनहि मनुष्य जवळजवळ जेथल्या तेथेंच उभा.

आतां पुढें एकहि खरेदी न करतां त्यानें दरमहा १,००० रुपयेच भरले, असें धरूं. कर्ज फिटावयास ४४ महिने, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल, व एकंदर ४३ हजारांहून थोडी अधिक रक्कम भरावी लागेल. वीस हजारांची वस्तु त्रेचाळीस हजारांस पडली. व्याज व कर मिळून मुद्दलापेक्षां अधिक झाले. उलट त्यानें दरमहा २,००० रुपये भरले, तर तेंच कर्ज १४ महिन्यांत फिटतें, व एकंदर सुमारें २६ हजार ३०० रुपये लागतात. हप्ता दुप्पट केला. काळ मात्र एक तृतीयांशाहून कमी झाला. वास्तविक बँका व्याज दिवसांच्या हिशेबानें मोजतात, त्यामुळें प्रत्यक्ष आंकडे थोडे निराळे येतील. परंतु तात्पर्य बदलणार नाहीं. किमान रक्कम भरल्यानें उशिराचा दंड टळतो व खातें थकलें असें गणलें जात नाहीं. पण कर्ज फिटत नाहीं.

व्याजाचा हा वेग आमच्या प्रांतास नवा नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, व तें लोण आसपासच्या गांवीं पसरलें. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. थकलेलें व्याज एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक मागतां येऊं नये, हा ‘दामदुपटी’चा जुना नियमहि आपल्याकडे प्रसिद्ध आहे. आजच्या कार्डधारकानें मात्र असा आधार गृहीत धरूं नये. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज कार्डावर घेणें ही अनुचित रीत होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं दिला होता; परंतु सर्वोच्च न्यायालयानें तो डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला. तेव्हां व्याजाचा दर वाचूनच सही करणें, हाच पहिला बचाव होय.

मर्यादा म्हणजे उत्पन्न नव्हे

प्रत्येक कार्डास खर्चाची एक मर्यादा असते. ती बँक ठरविते. आणि ठरवितांना अर्जदाराचें उत्पन्न, त्याच्यावरील इतर कर्जें, व त्यानें मागील देणीं कशीं फेडलीं ह्यांचा विचार करते. हा मागील इतिहास पतमाहिती-कंपन्यांपाशीं नोंदलेला असतो. सिबिल ही त्यांपैकीं सर्वांस ठाऊक असलेली कंपनी असून, ती प्रत्येकाच्या पतीस ३०० पासून ९०० पर्यंत गुण देते. गुण जितके अधिक, तितका बँकेचा विश्वास अधिक. अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां आपला अहवाल विनामूल्य मागवितां येतो. तो मागवून त्यांत चूक नाहीं ना, हें प्रत्येकानें पाहावें.

ह्या गुणांत मुदतीवर परतफेड करण्याच्या संवयीस फार वजन असतें. त्याखेरीज मर्यादेपैकीं किती भाग वापरला हेंहि पाहिलें जातें. मर्यादा ५०,००० व वापर २०,००० असेल तर प्रमाण ४० टक्के झालें. तें ३० टक्क्यांच्या आंत ठेवावें असा सर्वसाधारण सल्ला देतात. बँक बहुधा हिशेबाच्या दिवशींची बाकी कळविते. म्हणून खर्च अधिक झाला असल्यास हिशेब निघण्यापूर्वींच कांहीं रक्कम भरून टाकावी, म्हणजे प्रमाण खालीं येतें.

दुसरा उपाय मर्यादा वाढविण्याचा. वरील उदाहरणांत मर्यादा एक लाख झाली व खर्च तेवढाच राहिला, तर प्रमाण आपोआप २० टक्क्यांवर येतें. परंतु “खर्च तेवढाच राहिला तर” हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. मर्यादा वाढतांच खर्च ४०,००० वर गेला, तर प्रमाण पुनः ४० टक्केच, आणि देणें मात्र दुप्पट! तात्पर्य असें कीं, वाढलेली मर्यादा जो न वापरतां तशीच ठेवूं शकतो, त्यालाच ती लाभदायक आहे. जो ती वापरण्यासाठींच मागतो, त्याला ती हानिकारक होते.

मर्यादा वाढवून घेण्याची योग्य वेळ कोणती? सहा महिने ते वर्षभर प्रत्येक बिल संपूर्ण व वेळेवर भरलें आहे. पगार वाढला आहे, व तें दाखविणारें पगारपत्रक किंवा आयकराचें विवरण हातीं आहे. आणि नवें कर्ज मागण्याची घाई नाहीं : अशा वेळीं बँकेकडे सरळ अर्ज करावा. एकाच वेळीं चार बँकांकडे अर्ज करूं नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते, व घाईनें पैसा शोधणारा मनुष्य अशी आपली छाप पडते. अयोग्य वेळ ओळखणें तर फारच सोपें आहे. मागील बाकी फिटली नाहीं म्हणून मर्यादा वाढवावीशी वाटते, तीच ती वेळ. अंथरूण पाहून पाय पसरावे असें आपले वडील सांगत. बँक मर्यादा वाढविते तेव्हां अंथरूण वाढत नाहीं. केवळ पाय पसरावयास जागा मोकळी होते.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व बँकेनें २०२२ सालीं कार्डांविषयीं जे नियम घालून दिले, ते प्रत्येक घरांत ठाऊक असावेत. न मागितलेलें कार्ड देतां येत नाहीं. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवांचून मंजूर मर्यादा ओलांडतां येत नाहीं. म्हणून “आपली मर्यादा वाढविली आहे, होय म्हणा” असा निरोप आला, तर “नको” म्हणण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. बाकी नसतां कार्ड बंद करण्याची विनंती केली, तर बँकेनें तें कामाच्या सात दिवसांत बंद करावें. न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावे. वसुलीच्या माणसांनीं सकाळीं ८ पूर्वीं व सायंकाळीं ७ नंतर फोन करूं नये, व कोणासहि धमकावूं नये. बँकेकडे तक्रार करूनहि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते. त्यास वकील लागत नाहीं.

बाकी चढलीच असेल तर

पालकांस एक विनंती आहे. कार्डाची बाकी चढली असतां पुष्कळ माणसें ती घरांत लपवितात. मुलगा वडिलांपासून लपवितो, पति पत्नीपासून लपवितो. आणि लपविलेल्या कर्जावर व्याजाबरोबर भीतीहि चढत जाते. पहिला उपाय म्हणून आंकडा कागदावर लिहून घरच्या माणसांसमोर ठेवावा. नंतर त्या कार्डावरील नवी खरेदी बंद करावी. अनेक कार्डें असल्यास सर्वांवर किमान रक्कम भरून, ज्याचें व्याज सर्वांत अधिक त्यावर उरलेला पैसा घालावा. बाकीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून देण्याविषयीं बँकेस विचारावें. अथवा नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेंत स्वस्त कर्ज मिळत असेल, तर तें घेऊन कार्ड फेडावें. मात्र मोकळें झालेलें कार्ड पुनः भरूं नये. नाहीं तर एकाचीं दोन कर्जें व्हावयाचीं.

आणि ज्यांस पहिलें कार्ड पुढें मिळावयाचें आहे, त्यांनीं एकच नियम पाठ करावा : खात्यांत ज्याचे पैसे आजच आहेत, तेवढीच वस्तु कार्डानें घ्यावी, व दर महिन्यास संपूर्ण बिल चुकतें करावें. असें वर्षभर केलें म्हणजे मर्यादा मागण्याचें कारण बहुधा उरत नाहीं. बँकच ती आपण होऊन देऊं करते.

स्वाध्याय

१. मर्यादा ६०,००० रुपये असून हिशेबाच्या दिवशीं बाकी १५,००० आहे. वापराचें प्रमाण किती? मर्यादा १,२०,००० झाली व बाकी तीच राहिली तर किती?

२. बाकी ३०,००० रुपये, व्याज दरमहा साडेतीन टक्के, व्याजावर कर १८ टक्के. १,५०० रुपये भरले, तर त्यांपैकीं मुद्दलांत किती गेले?

३. घरीं कार्ड असल्यास, वडीलमंडळींची परवानगी घेऊन त्याच्या हिशेबावरील दोन तारखा, व्याजाचा दर व किमान रक्कम शोधा, आणि ती किमान रक्कम भरल्यास मुद्दल किती उतरेल तें त्यांस मांडून दाखवा.